पुढचे सहा दात

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. या पोराचं भरत होतं. चोविसाव्या वर्षी तो कवळ्या करायच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना हा शब्द मालकांचा. बघायला गेलं तर ती किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरची दीड खोली. अर्ध्या खोलीत प्लास्टरची पोती, पॉलिशचं चाक आणि कवळ्या शिजवायचं भांडं, उरलेल्या एका खोलीत खिडकीशी दोन टेबलं. दातांचे डॉक्टर बोळक्या तोंडांचे साचे तिथं पाठवत आणि आठवड्याभरानं दात घेऊन जात. मालकांना सगळे काका म्हणत. काकांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात साठाव्या वर्षीही शाबूत होते आणि धंद्यापायी त्यांना याची थोडी लाज वाटे.

काकांनी सहा वर्षांत जे शिकवलं त्यातलं निम्मं एका वाक्यात मावत होतं. "पुढचे सहा दात माणसाचे, मागचे आठ जेवणाचे." मागच्या आठांत चूक झाली तर माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, पुढच्या सहांत झाली तर येतच नाही, गप्प बसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी एक नियम घालून दिला होता आणि डॉक्टरांनाही तो पाळायला लावला होता. दात आधी गुलाबी मेणावर बसवायचे. ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची आणि त्या वेळी समोर घरचं एक माणूस हवंच. बायको, भाऊ, शेजारीण, कोणी का असेना, पण ज्यानं त्या तोंडाला वर्षानुवर्षं हसताना पाहिलंय असं. आपलं हसू आपल्याला ठाऊक नसतं, आरशासमोर माणूस हसत नाही, तपासतो. घरचं माणूस 'हो' म्हणालं की मग मेणाच्या जागी कडक प्लास्टिक. एकदा शिजली की शिजली. त्यानंतर एक दात हलवायचा म्हटला तरी कवळी नव्यानं करायला लागायची.

पोराचा हात चांगला होता. डोकं मात्र हिरोकडे गहाण होतं.

हिरो म्हणजे एकच, बाकीचे नट. त्याचा प्रत्येक सिनेमा पोरानं निदान सात वेळा पाहिला होता, आपटलेले दहा वेळा, कारण त्यांना गरज जास्त. सिनेमा चालला की याची कॉलर ताठ, पडला की हा दोन दिवस जेवत नसे. हिरोचं लग्न ठरलं तेव्हा आजारपणाची रजा यानं टाकली. मत्सर वगैरे नव्हता. मुलगी त्याला समजून घेईल की नाही, या काळजीनं अंग मोडून आलं होतं. हिरोला स्वतःला ती काळजी होती की नाही, हे कळायला मार्ग नाही.

दात हा धंदाच असल्यामुळे हिरोचे दात त्याला पाठ होते. वरच्या ओळीत, मधल्या दोन दातांच्या डावीकडचा दात जरासा वळून शेजारच्यावर रेललेला. साधा प्रेक्षक त्याला 'काय गोड हसतो' एवढंच म्हणे. हा तो दात किती वळलाय ते अंशात सांगे. चौथ्या सिनेमात मध्यंतरानंतर हिरोनं दात साफ करून घेतले होते, हेही त्यानं ओळखलं होतं आणि ऐकणाऱ्याची इच्छा असो-नसो, सांगितलं होतं.

संयमाचे प्रयोग त्यानं बरेच केले. रोज सकाळी ठरवायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोन नाही. फोन प्लास्टरच्या सुऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली काकांच्या खिशात. साडेदहाला तो काकांपुढे उभा.

"काका, किल्ली द्या ना. वेळ बघायचीय."

"भिंतीवर घड्याळ आहे."

"ते दोन मिनिटं मागं आहे."

"आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

सव्वाअकराला काका किल्ली देत. त्यांनाही कामं असत.

त्याची मावसबहीण मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला अठरा ते पंचवीस वयाच्या शंभर जणांकडून एक फॉर्म भरून हवा होता. नव्व्याण्णव झाले होते, शंभरावा म्हणून ती याच्याकडे आली. प्रत्येक वाक्यापुढं एक ते पाच, जितकं पटेल तितका मोठा आकडा. 'माझ्या आवडत्या कलाकाराचं दुःख मला माझंच वाटतं': पाच. 'मी ठरवलेली गोष्ट मोह झाला तरी पाळतो': इथं त्यानं दोन लिहिलं, खोडलं, तीन केलं. 'एकंदरीत मी आनंदी आहे': पाच.

बहिणीनं कागद पाहिला. "पाच? खरं सांग हं, मला मार्क मिळायचेत."

"खरंच. छान चाललंय माझं."

"शेवटचा खूश कधी होतास?"

"शुक्रवारी."

"काय झालं शुक्रवारी?"

"त्याला बक्षीस मिळालं."

"आणि तुला?"

पोरानं तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मला कशाला मिळेल? मी सिनेमात आहे का?"

तिनं पाच तसाच ठेवला. शास्त्रापुढं तिचाही इलाज नव्हता.

आता आईचं सांगायला हवं. घरात ती आणि हा, दोघंच. वडील तो शाळेत जायच्या आधीच गेलेले. आई शर्टांच्या कारखान्यात कॉलरच्या मशीनवर बावीस वर्षं होती आणि तिथं तिचं हसणं प्रसिद्ध होतं. पन्नास मशीनींच्या खडखडाटावरून ते ऐकू जाई आणि सुपरवायझर दचकून घड्याळाकडे बघे, चहाची सुट्टी झाली की काय म्हणून. मग हिरड्यांनी दगा दिला. पुढचे दात आधी गेले, दोन वर्षांपूर्वी. आई तोंडावर रुमाल धरून बोलायला लागली, मग रुमाल धरून हसायला लागली, मग नुसताच रुमाल धरायला लागली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी उरलेले सगळे काढले, तीन महिने हिरड्या भरू द्या म्हणाल्या. आईनं तेवढी रजा घेतली. एक तारखेला ती पुन्हा कामावर जाणार होती आणि दुधात पाव बुडवून खाताना तिनं पोराला एकच गोष्ट सांगितली होती.

"मला जेवायचं एवढं नाही रे. मला त्या बायकांत बसून पूर्वीसारखं हसायचंय. तेवढं जमव."

"तुझी कवळी मी करणार," पोरगा म्हणाला. "बाहेरचा हात लागू देणार नाही."

त्यानं पणच केला. कवळी हातात पडेपर्यंत हिरोचं तोंड बघायचं नाही. या वेळी खरंच. फोन काकांच्या घरी ठेवायला दिला. खोलीत पलंगासमोर हिरोचं दाराएवढं पोस्टर होतं. काढवेना, म्हणून उलटं करून लावलं. नव्या सिनेमाची झलक त्याच आठवड्यात आली, रस्त्यात चार जण तिच्याबद्दल बोलत होते, हा कानावर हात ठेवून रस्ता ओलांडून गेला. आठ दिवस. त्या आठ दिवसांत बहिणीनं फॉर्म आणला असता तर संयमात पठ्ठ्याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

काम त्यानं जीव ओतून केलं. रंगाच्या पट्टीवरचा सगळ्यात पांढरा दात निवडला. मेण तापवायचं, दात टेकवायचा, डोळा बारीक करून बघायचं, काढायचा, पुन्हा टेकवायचा. मागचे आठ त्यानं दोनदा घासून बसवले. पुढच्या सहांना वेळच लागला नाही, हात आपोआप चालला.

मग त्यानं ती चूक केली, जी सहा वर्षांत दुसऱ्या कुणाच्या कवळीत केली नव्हती. मेणाची कवळी तोंडात घालून बघितलीच नाही. आईला एकदम तयार दात द्यायचे होते, तिचा चेहरा बघायचा होता. डॉक्टरीणबाईंनी कारखान्याच्या फोनवर विचारलं, "घरच्या माणसाला दाखवलं का?" हा म्हणाला, "घरचं माणूस मीच की." यात खोटं काहीच नव्हतं. काका साचे आणायला गेले होते. त्यानं कवळी शिजवायला टाकली.

दवाखान्यात आईनं दात घातले. कवळी अशी बसली की डॉक्टरीणबाईंना कानस हातात धरावी लागली नाही. "वा," त्या म्हणाल्या, मग मान कलती करून, "हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय." आईनं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली आणि वाटेत काही बोलली नाही. नव्या दातांची सवय नसते, असं पोरानं स्वतःला समजावलं.

घरी आल्यावर त्याचा पण सुटला. पोरानं आधी चपला काढल्या, मग पोस्टर सुलटं केलं. आई आत येऊन पोस्टरपुढे उभी राहिली.

"बघू, हस ना जरा," तो म्हणाला.

आई हसली. तिच्या खांद्यामागे हिरोही हसत होता. डावीकडचा दुसरा दात तिथं जेवढा वळला होता तेवढाच इथं वळला होता, तिथं जसा शेजारच्यावर रेलला होता तसाच इथं रेलला होता. दातांचा रंगही तोच. पोरगा धंद्यातला, त्याला पट्टी लावून मोजायची गरज पडली नाही. एका भिंतीवर एक हसू दोन तोंडांत होतं आणि त्यातलं एक तोंड त्याच्या आईचं होतं.

आईनं मागं वळून पोस्टर पाहिलं. मग कवळी काढली, वाटीत पाण्यात ठेवली.

"बसतेय छान. चावताही येईल. पण आरशात कोणीतरी दुसरंच हसतंय रे. त्या बायकांसमोर मी हे घेऊन जाऊ?" मग म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. खूप झालं काम. एक तारखेला राजीनामा देऊन येते."

रागावली असती तर बरं झालं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोण आणि कोणाला?

सकाळी काकांनी कवळी उन्हात धरली आणि नुसता श्वास सोडला. टेबलावर दुसऱ्या पेशंटांच्या तीन मेणाच्या कवळ्या वाट बघत होत्या. काकांनी त्या तिच्याशेजारी मांडल्या. चारही ठिकाणी तोच दात.

"सहा महिने बघतोय," काका म्हणाले. "हाताची खोड म्हणून सोडून दिलं."

"पण आधीच्या पेशंटांच्या घरचे लोक 'हो' कसे म्हणाले?"

"आवडलं त्यांना. एका आजोबांच्या घरचे तर म्हणाले, आधीपेक्षा बरे दिसतात. आजोबा काही बोलले नाहीत." काकांनी कवळी खाली ठेवली. "तेव्हाच मी विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे."

"मी आठ दिवस त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, काका. शपथ."

"डोळ्यांनी नसशील बघितलं. हाताला कोण सांगणार?" काकांनी नवं मेण पुढं सरकवलं. "कर पुन्हा. तारखेला सहा दिवस आहेत. बोल, आईचे दात कसे होते?"

पोरगा मेण हातात घेऊन बसला. मेण मऊ झालं, ओघळायला आलं, त्यानं ते ठेवलं आणि दुसरं घेतलं. आईचे पुढचे दात. बावीस वर्षं एका घरात, एका ताटलीपलीकडे. मोठे होते? सरळ होते बहुतेक. की नव्हते? घरातले सगळे फोटो त्यानं रात्री काढून पाहिले होते, फोटो काढताना आई ओठ मिटून, शिस्तीत. ती घरात हसत असणारच. त्या वेळी त्याच्या कानात गाणी असणार. दूर कुठंतरी राहणाऱ्या, याचं नावही न ऐकलेल्या माणसाचा एकेक दात त्याला ठाऊक होता, आणि जिनं याचे दुधाचे दात डबीत जपून ठेवले होते तिचा एकही नाही. त्याला लाज वाटली. कानशिलं तापण्याइतकी लाज त्याला यापूर्वी एकदाच वाटली होती, तीही हिरोचा एक सिनेमा पाहून.

"मला नाही आठवत," तो म्हणाला.

काकांनी मान डोलावली. "मग घरचं माणूस आण."

"घरात मीच आहे."

"म्हणजे कोणीच नाही. दुसरीकडे शोध."

दुसरीकडे म्हणजे शर्टांच्या कारखान्यात. तिथं आईच्या समोरच्या मशीनवर काज करणारी बाई बसायची. आई तिला काजवाली म्हणे, आणि तिच्या गोष्टी सांगितल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नसे, ज्यांतली एकही याला धड आठवत नव्हती. जाडजूड, चष्मा कपाळावर. सुट्टीच्या भोंग्याला तो दारात उभा राहिला आणि जे झालं ते सगळं सांगितलं, पोस्टरसकट. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या सिनेमावाल्याचे दात आईला लावलेस?"

"मुद्दाम नाही, मावशी."

"मुद्दाम केलं असतंस तर एक वेळ समजले असते," ती म्हणाली आणि तशीच त्याच्याबरोबर निघाली.

कवळ्यांच्या कारखान्यात तिनं काकांची खुर्ची घेतली. काका उभे राहिले. तिनं आधी रंगाची पट्टी मागितली आणि पांढऱ्याकडून मोजत पार पलीकडे गेली. "हा. दिवसाला सहा चहा पिणारी बाई ती." मग डोळे मिटले. तिला आठवायला वेळ लागत नव्हता, सांगायला लागत होता.

"मधले दोन रुंद. डावा आत दाबलेला, अगदी जरा. हं, इतका नको, बाहेर घे. बस. उजवा त्याच्यापेक्षा नखभर आखूड. आणि त्या उजव्याला खालून खाच."

"खाच?"

"दोरा तोडून तोडून पडलेली. कात्री गळ्यात लटकत असायची, तरी दातानंच तोडायची. मी सांगून थकले. खाच पाड त्याला."

नव्या कोऱ्या दाताला खाच पाडायची हे सहा वर्षांत त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यानं बारीक कानस घेतली आणि दात खाली धरून घासला. थांबला. तिच्यासमोर धरला.

"अजून," काजवाली म्हणाली. "वीस वर्षांची आहे ती."

तीन संध्याकाळी ती आली. मधेच एकदा त्याचा डावीकडचा दात गुपचूप वळायला लागला. तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

आता पोरगा सुधारला, पोस्टर फाडून टाकलं, असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. पोस्टर जागेवर आहे. फोन त्यानं काकांकडून पहिली कवळी झाली त्याच दिवशी परत आणला होता आणि नव्या सिनेमाचं पहिल्या खेळाचं तिकीटही काढलं होतं. फक्त डॉक्टरीणबाईंनी मेणाच्या कवळीसाठी नेमकी शुक्रवारी सकाळी दहाची वेळ दिली आणि खेळही दहाचा होता. डॉक्टरीणबाईंना वेळ बदलून मागायला त्यानं फोन हातात घेतला, नंबरही काढला, आणि पाच मिनिटांनी फोन खिशात टाकला. तिकीट खालच्या किल्लीवाल्याला दिलं. सिनेमा त्यानं रविवारी पाहिला, दोनदा. बरा होता म्हणे.

शुक्रवारी आई खुर्चीत बसली. यायला तयार नव्हती, काजवालीनं आणली होती. डॉक्टरीणबाईंनी गुलाबी मेणाची कवळी हलकेच तोंडात बसवली आणि आरसा उचलला. काजवालीनं तो त्यांच्या हातातून काढून पालथा ठेवला आणि स्वतः आईच्या समोर स्टूल ओढून बसली. पोरगा काकांच्या शिस्तीप्रमाणे मागे, भिंतीला टेकून. तिथून त्याला आईचे फक्त केस दिसत होते.

"बोल काहीतरी," काजवाली म्हणाली.

"काय बोलू? मेण आहे तोंडात."

"सुपरवायझर विचारत होता, कधी येतेस म्हणून. तू गेल्यापासून त्याला चहाची वेळ कळत नाहीये. परवा नऊलाच सोडलं आम्हाला चहाला. सगळ्या कँटीनमध्ये जाऊन बसलो तर तिथं अजून फरशी पुसणं चाललेलं."

आईचे खांदे हलले. मग आवाज आला. आधी मेण जपून, मग न जपता. बाहेर बसलेल्या पेशंटनं दार उघडून आत डोकावलं.

काजवालीचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. तिनं तो पुसायला काढला आणि पुसतच राहिली. "हो," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "ही आमचीच."

आई खुर्चीतून मागे वळली. हसू अजून तोंडावरच होतं. "अरे, तू सांग ना. तू केलेयस. माझंच आहे का हे? पूर्वीसारखं?"

'हो' म्हणणं सोपं होतं. एकदा म्हणून झालं होतं.

"मला माहीत नाही, आई," तो म्हणाला. "मी कधी बघितलंच नव्हतं."

आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि काजवालीला हातानं सरक म्हणून सांगितलं.

"मग ये, बस इथं," आई म्हणाली. "आता बघ."